दोन बोटं जुना रंग

रंगाचं कंत्राट माझ्याच सहीनं निघालं.
बेलापूर, सेक्टर आठ, इमारत क्रमांक सतरा,
बाहेरून दोन हात, गळतीचा दर वेगळा.
त्यात कुठेही लिहिलं नव्हतं
की मागच्या अंगाला, पारसिकच्या डोंगराकडे,
माझ्या न्हाणीघराच्या पाइपाखाली
कुणी फेसाचं घर बांधून गेलंय.
अनारशाच्या मोडक्या कडेसारखं, तपकिरी, जाळीदार.

झुल्यावरून रियाझुलनं त्याला पत्रा लावला
आणि मी खिडकीतून ओरडले.
"इसमें क्या है, मॅडम?"
खंडोबाचा किडा, मी म्हटलं.
मालद्याच्या पोराला खंडोबा कुठला?
मग दोन्ही हात छातीशी मुडपले,
मान तिरकी केली, डोळे वटारले.
पंचावन्न वर्षांची सेक्रेटरी.
तो हसला. आमच्याकडेही असतो, म्हणाला, नाव विसरलो.
आणि ब्रशानं कोषाला वळसा घातला.

त्या दोन बोटं जुन्या रंगासाठी
सबनीसांनी सभेत पाचशे कापायला लावले.
कापले. इतिवृत्तात आहे.
माझ्या पर्समधून त्याला दिले, ते नाही.

मे महिन्यात, पाणी यायच्या वेळी,
कोषाच्या शिवणीतून पिवळसर थेंब गळू लागले.
थेंबांना डोळे होते.
धाग्याधाग्याला लोंबकळत, पहिली कात टाकत,
एकमेकांच्या पाठीवरून वर.
सत्तावन्नपर्यंत मोजले, मग कुकरची शिटी झाली.
परतले तर मुंग्यांची रांग लागलेली,
आणि मुंग्यांतून सुटलेले
एकमेकांकडे ताटाकडे बघावं तसे बघत होते.

प्रार्थना कीटक, म्हणतात पुस्तकात.
मला कधी प्रार्थना दिसली नाही.
दिसला तो मिटलेला अडकित्ता,
माशी बसेपर्यंत मिटलेला.

याचे भाऊबंद डोंगरावर. ओजस कोळंब्यांचा, सातवीतला,
रविवारी मला ओढून नेतो दाखवायला.
करवंदीच्या जाळीत एक वाळका, कोपरांना झालर,
वारा नसताना वाऱ्यातल्यासारखा डुलणारा.
खैराच्या खोडावर एक, सालीइतका चपटा,
आपण डावीकडून गेलो की तो उजवीकडून पलीकडे.
तेरड्यात एक इटुकला, पंखावर डोळा रंगवलेला.
लांबलचक नावं ओजसला पाठ.
मला एवढंच राहिलं,
की हिरव्या मोठ्याला कान एकच असतो,
छातीवर, मागच्या पायांच्या मध्ये,
आणि त्यात वटवाघळाची हाक ऐकू येते.
माझी नाही.

सप्टेंबरात कढीपत्त्याच्या कुंडीत एक मादी.
त्या सत्तावन्नांतली का, कोण सांगणार.
मी हलले की तिच्या डोळ्यातला काळा ठिपका हलतो.
"काकू, ती बघत नाहीये तुमच्याकडे," ओजस म्हणतो,
"तो ठिपका खरा नसतोच."
मग मी पदर सारखा का केला?

एका संध्याकाळी ट्यूबलाइटला नर आला. बारीक, घाबरट.
फांदी हलली की एक पाऊल, थांबली की खांब.
बातमी फुटली. सबनीस चहाचा कप घेऊनच आले.
"खाते ना ती त्याला? डोकं आधी ना?"
कधी खाते, ओजस म्हणाला, नेहमी नाही.
दहा वाजले. तो अजून तीन पानं दूर.
अकराला सबनीस जांभई देत गेले.
मीही दिवा मालवला. बाईमाणसाचा तेवढा मान ठेवावा.

सकाळी कुंडीत पंख नाहीत, पाय नाहीत, तोही नाही.
सबनीस हिरमुसले.

ती पंधरा दिवसांनी पाइपाकडे दिसली, पोट टरारलेलं,
उलटी लटकून फेस घोळवत होती.
राखलेली जागा तिथेच होती, वीतभर अंतरावर.
तिनं नवा रंग पसंत केला.
त्याची हमी पाच वर्षांची आहे.