नेदोझ्वोनिल

आमच्या मोराव्हियात पुष्कळांना आडनाव नसतं,
भूतकाळ असतो.
कचेरीसमोरचा बेकरीवाला ‘लोळत पडला’.
दातांची डॉक्टरीण ‘घाई केली’ची सून.
शाळेत दोन ‘परतला’ आहेत, एकमेकांचे कोणी लागत नाहीत;
कुठून परतले, ते माझ्या वह्यांत नाही.

कुणीतरी एकदाच काहीतरी करतो,
गाव बघतं,
आणि पुढची तीनशे वर्षं
त्याची खापरपणतवंडं तेच करत राहतात
हजेरीत, दारावरच्या पाटीवर, थडग्यावर.

एक आडनाव मात्र असं,
की त्यातल्या माणसानं केलं, पण पुरं केलं नाही.
नेदोझ्वोनिल.
घंटा वाजवायला घेतली, आणि मधेच सोडली.

वही चौथी. पान उलटलं की बोटाला भुगा लागतो.
सगळं लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या पाद्र्यानं
तेवढा एक शब्द गावच्या बोलीत लिहिलाय:
ब्लाझेय, घंटेकरी, ज्याला नेदोझ्वोनिल म्हणतात.
‘का’च्या जागी शाईचा डाग.

वरच्या आळीत सांगतात, दोर तुटला.
खालच्या आळीत, टेकडीमागे तार्तारांची धूळ दिसली.
गुत्त्यात सांगतात, मनोऱ्याच्या जिन्यात कुणी वाट बघत होती,
आणि हसतात.
द्राहोमिराचे वडील सांगायचे,
ज्या पोरीच्या मरणाची घंटा तो वाजवत होता
ती पेटीत शिंकली.
पुढं कोण कशाला वाजवेल?
मला पटत नाही. पण इतकी वर्षं झाली,
दुसरं काही मी कुणाला सांगितलेलंही नाही.

आडातच थोडं, पोहऱ्यात कुठून येणार.
सगळ्यात जास्त भरले तेव्हा नऊ घरं होती.
एक घर कापूस पेरायला टेक्ससला गेलं;
तिथल्या पोस्टमनच्या जिभेला वळेना,
म्हणून पत्र्याच्या पेटीवर नुसतं ‘नेड’.
दोघं पहिल्या युद्धात राहिले. त्याच युद्धात
घंटाही उतरवून नेली, तोफांसाठी.
एकानं ब्रनोला जाऊन अर्ज देऊन बदललं.
त्याचं तरी काय चुकलं?
बांधकामाच्या ठेकेदाराला
‘मधेच सोडलं’ हे नाव परवडत नाही.

उरले तीन.
द्राहोमिरा. वृद्धाश्रमातली तिची आत्या,
जिला हाक मारली तर ती दुसऱ्याच कुणाकडे बघते.
आणि ओस्त्रावाचा एक पुतण्या, पत्राला उत्तर न देणारा.

मार्चमधल्या शुक्रवारी द्राहोमिरा लग्नाला आली,
वय एकसष्ट, इस्पितळाच्या धोबीखान्यातून निवृत्त,
हात अजून सोड्यानं पांढरे.
शेजारी वेंदेलीन. विधुर, लेथवरचा कामगार.
आडनाव नोवाक,
फोनच्या जुन्या डिरेक्टरीत ज्याची पानंच्या पानं असायची.

कायद्याप्रमाणे मी विचारलं, लग्नानंतर नाव कोणतं?
तिनं तोंड उघडायच्या आत तो खाकरला.
“तिचंच. दोघांचं.”
का, हे कायदा विचारत नाही. मी विचारलं.
तो टोपी फिरवत राहिला.
“आमच्यातला एक कमी झाला तर कळायचं नाही.
यांच्यातला एक वाढला तर कळेल.”

द्राहोमिरा खिडकीबाहेर बघू लागली.
तिथं बघण्यासारखं काही नव्हतं,
माझी सायकल होती.

त्यानं सही केली, नवं नाव अक्षर अक्षर पुटपुटत,
‘झ्वो’पाशी अडला,
तिनं कोपरानं ढोसलं, मग पुढं लिहिलं.

बारा वाजले. मनोऱ्यात आता मोटर आहे,
ती कधी मधे सोडत नाही.

ते गेल्यावर चौथ्या वहीच्या समासात
मी पेन्सिलीनं आकडा टाकला. चार.
शाईनं लिहायचा धीर झाला नाही.

नाताळाआधी आत्या गेली.
खोडून पुन्हा तीन केलंय.
कागद तिथं जरा पातळ झालाय,
उजेडासमोर धरला की
मागच्या पानावरचा ब्लाझेय दिसतो.