डावा तंबोरा

शुक्रवारी नमाज सुटून
रुवीच्या गल्ल्या पुन्हा हलायला लागतात,
त्या वेळेला आम्ही थिएटरात शिरलो.
आई व्हिजिट व्हिसावर. अंगात माझा स्वेटर,
कारण बाहेर शेहेचाळीस आणि आत सोळा.
पडद्यावर हेदवकरबाईंचं अख्खं आयुष्य,
दोन तास बावीस मिनिटं,
तिकीट साडेतीन रियाल.

बाई गायला लागल्या की
(म्हणजे ती नटी ओठ हलवायला लागली की)
खाली अरबी अक्षरं धावायची.
बोल संपून आलाप लागला की अक्षरं थबकायची,
कंसात एकच शब्द उरायचा : गायन.
मत्रहच्या कापडपेढीवर बिलं लिहून लिहून
मला एवढी अरबी येते.

बाईंच्या आयुष्यात तो सारंगिया आला
तिथे चित्राने उडी मारली.
आता बाई खोलीचं दार लावत होत्या,
आणि आता मिरजेच्या फलाटावर, एकट्या.
इथली कात्री.
आई अंधारात म्हणाली, बरं झालं.
मग बऱ्याच वेळाने,
मी विसरूनही गेल्यावर :
"मी होते ना तिथे. दाराबाहेर.
चपला सांभाळत."

सोलापूरची मैफल आली.
बाईंच्या मागे, डाव्या अंगाला,
हिरव्या साडीतली एक मुलगी. दीडेक सेकंद.
तंबोऱ्याला गाल लावून
थेट आपल्याकडे बघणारी.
माझ्या मनगटाभोवती आईची बोटं आवळली.
"अशी काय बघते ही समोर?
आणि चारी तारा एकाच बोटाने?
पंचम मधल्या बोटाने, मग तर्जनी.
मान खाली.
आपण दिसायचंच नसतं गं."

भैरवी संपताना पडद्यावरच्या बाई रडल्या.
पुढच्या रांगेतल्या ओमानी म्हाताऱ्याने
दिशदाशाच्या बाहीने डोळे पुसले,
मीही पुसले.
"रडल्याबिडल्या काही नव्हत्या," आई म्हणाली,
"पित्त उसळलं होतं.
मी आलेपाक दिला."

अकरा वर्षं. मैफलीला सहा रुपये, वर जेवण.
तू का नाही गायलीस, हे मी विचारलेलं नाही कधी.
लहानपणी वाटायचं, गाता येत नसेल.
नंतर वाटायला लागलं, येत असेल,
आणि मग विचारायची हिंमत गेली.

शेवटी नावं सरकू लागली.
घोडेवाला, अंबाडे बांधणाऱ्या, जनरेटर, चहा.
आई उठेना. चष्मा कपाळावर सरकवून,
पुन्हा खाली घेऊन, वाचत राहिली.
काळी पिशवी घेतलेला नेपाळी पोरगा
झाडू टेकवून पायऱ्यांवर थांबला.
त्यालाही वाटलं असेल,
म्हातारीचं कुणीतरी आहे यादीत.
‘तंबोरा’च्या पुढे दोन नावं होती,
आत्ताच्या पोरींची.
"चल," आई म्हणाली, "भात लावायचाय."

आमचा खिडकीतला एसी
आल्या दिवसापासून तिचा लाडका.
काळी चारला बोलतो म्हणायची,
बाईंच्या पट्टीत.
त्याच्या घरघरीत हळूच सा मिळवून
ती मेथी निवडायची.
मागच्या आठवड्यात शाजी गॅस भरून गेला,
तेव्हापासून गप्प आहे.
खोली मात्र छान गार होते.

रात्री पाणी प्यायला उठले.
सतरंजीच्या मागच्या कडेला आई बसलेली,
मांडीवर उभी उशी.
मधलं बोट, तर्जनी, तर्जनी, तर्जनी.
एसी चढाच होता.
ती घाई न करता
तो उतरायची वाट बघत होती,
मान खाली घालून,
पुढे एका माणसाची जागा सोडून.