एकच खड्डा

कौनसमधल्या आमच्या परसात
जागा एकाच झाडापुरती.
विटेनिस म्हणतो, नाशपाती.
मी म्हणते, लायलॅक.

"फुलं काय खायची?"
"आणि सात वर्षं नुसती पानं मोजायची?
गुडघे बघ तुझे."

लायलॅक उणेपुरे दोन आठवडे दरवळेल,
मग वर्षभर साधं झुडूप,
हे मी त्याला सांगत नाही.
पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या घोंगावतील,
हे तोही बोलत नाही.

भांडणाला यंदा अकरा वर्षं झाली.
नाशपाती एव्हाना चारदा उतरवली असती.

आज खिडकीतून पाहते तर
बर्फ पडायच्या आत
तो खड्ड्यातली पानं उपसतोय,
फावड्यानं कडा नीट करतोय,
आणि सुस्तावलेल्या बेडकाला
ओंजळीत धरून उभा,
कुठं ठेवावा ते न कळून.