एका हाताचा ट्रे

हात दोन, कामं पाच:
मान सावरायची, लाळेरं धरायचं, वाटी, चमचा,
आणि तिचे दोन मोकळे हात चुकवायचे.

जिज्ञाची रात्रपाळी असली की
वाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत
सगळ्यात मोठा आवाज वाटीचा.
पडते. गरगरते. मोरीच्या कट्ट्याशी थांबते.
नाचणीचं सत्त्व फरशीवर
ओल्या सिमेंटसारखं सावकाश पसरतं.

मी पॅटर्नमेकर. मकरपुऱ्याच्या फाउंड्रीत
वीस वर्षं लाकडाचे पंप, लाकडाच्या पुल्या घडवतोय,
ज्यांतून पाणी जायचं नाही, ज्यांवर पट्टा फिरायचा नाही.
वाळूत ठसा उमटला की त्यांचं काम संपलं.
आणि मला एक वाटी सांभाळता येऊ नये?

पहिला शिवणीचा.
खाली मूठ, रंध्याला असते तशी.
दिसायला देखणा. वजन चारशे दहा ग्रॅम.
चौथ्या घासाला मनगट भरून आलं,
पाचवा कानात गेला.

दुसरा पत्र्याचा, ठोकून.
ऊन ऊन भात वाढला आणि तळहात भाजला.
'बरंच झालं,' जिज्ञा म्हणाली,
'तिच्या जिभेआधी तुला कळलं.'
ते मी वहीत लिहून ठेवलं.

मग एका रविवारी कमाटीबागेत
कॉलेजची मुलं चित्रं काढत बसलेली.
एकीचा अंगठा रंगाच्या पाटीतून वर आलेला,
बोटं खाली सैल.
सायकल टेकवून मी तिचा हात बघत उभा राहिलो,
बराच वेळ.
तिला वाटलं, चित्र बघतोय.
'झाड जमलंय का, काका?'
जमलंय, म्हटलं. कुठलं झाड, देव जाणे.

तिसऱ्याला अंगठ्याचं भोक.
तळाशी रुपयाएवढी जागा पातळ, चटका कळण्यापुरती.
एक कड कोरून गोल केलेली, हनुवटीवरचं टिपायला.
कप्पे चार.

आमच्या धंद्यात नमुना जरा मोठाच कापतात.
धातू निवताना आकसतो, त्याची सूट आधी धरायची;
आमची पट्टीसुद्धा खोटी,
तिचा फूट खऱ्या फुटाहून लांब.
या गिऱ्हाइकापुढे ती पट्टी चालेना.
सोमवारी मापलेलं तोंड
पुढच्या सोमवारी चमच्याला पुरून उरलं.
वर दोन दात. तेही न सांगता.

नाव कागदावर मैथिली, हाक चकली.
तिच्या आईच्या भाषेत चिमणी,
माझ्या आईच्या भाषेत दिवाळीचा डबा.
दोन्ही खरं:
क्षणभर टेकते, आणि वळणं मोजता येत नाहीत.

तिनं ट्रे पाहिला.
केळ्याच्या कप्प्यात मूठ घातली, वरणाच्या कप्प्यात धुतली,
आणि कडेला, जी मी तीन रात्री घासली होती,
दोन दातांनी सही केली.
पण वाटी पडली नाही. पडायला वाटीच नव्हती.

सकाळी सव्वाआठला जिज्ञा आली.
चप्पल निघायच्या आत चकली तिच्या अंगावर,
आणि लगेच झोपली, आईचे दोन्ही हात अडकवून.
'आखी रात काही खाल्लं नाही,'
भिंतीला टेकून ती म्हणाली.
ट्रेमध्ये भात होता, निवलेला.

मी अंगठा घातला. चमचा उचलला.
तिनं आ केला, डोळे मिटूनच.
एक शीत ओठाशी राहिलं,
ते गोल कडेनं टिपलं.
सांडलं काही नाही.

'मीठ?'

भात, वरण, केळं, पाणी.
मोठ्यांच्या मिठाला जागा
काढायची राहिलीच होती.
पेन्सिल कानावर होती.
हात मोकळा नव्हता.