आरशातला फोटो

तिसरं पोस्टरही वाया गेलं.
सेतुबालचे लोक त्याखालीच बसची वाट बघत
आणि म्युझियमच्या दारावरून पुढे निघून जात.

चौथ्यावर मी तारल्यांच्या कारखान्यातल्या बायका घेतल्या,
डावीकडे मजकुराला जागा हवी
म्हणून फोटो आरशासारखा उलटवला.

दोन दिवसांत कुणीतरी बॉलपेनने लिहिलं:
'आम्ही सगळ्या काय डावखुऱ्या होतो?
आणि टोप्या पांढऱ्या नव्हत्या, बाळांनो.
– इल्दा, तिसरं टेबल.'

संचालक म्हणाले, सरळ करून नवं छाप.
मी इल्दाचं अक्षरच मोठं केलं,
गावभर चिकटवलं,
खाली एकच ओळ:
अजून काय चुकलंय?

रविवारी दार उघडायच्या आधीच
पायरीवर सात म्हाताऱ्या.
एकीच्या पिशवीत
तिची स्वतःची सुरी,
उजव्या हाताने झिजलेली.