रकाना क्रमांक नऊ

केंद्रप्रमुख पत्रक देऊन गेले.
आजच भरा म्हणाले, सहापर्यंत वर चढवायचंय.
रकाना आठ : वर्गाचा निकाल. एकेचाळीस टक्के.
रकाना नऊ : निकाल कमी असण्याची कारणे,
वीस शब्दांत.

उंबरदरी तांड्याच्या शाळेत
दोन खोल्या, एक मी, एक बदलीच्या रांगेतले हाके सर,
आणि जिल्ह्याच्या नकाशावर आमच्या नावाचा लाल ठिपका.
धरणाकडंचं गाव हिरवं. शहाण्णव टक्के.
तिथले मुटकुळे सर माझ्याच बॅचचे.
परीक्षेच्या दिवशी त्यांच्या वर्गातली चार पोरं
शेळ्या राखायला गेली होती.
कुणी पाठवली, ते शेळ्यांनाच ठाऊक.

प्रश्न तिसरा, चित्र पाहून शब्द लिहा.
तव्यावर टम्म फुगलेली भाकरी.
गोकुळ आडेनं लिहिलं : बाटी.
टीला दुसरी वेलांटी, हवी तशीच.
त्याची याडी चुलीपुढं बसून
रोज बाटीच थापते, बाटीच वाढते.
उत्तरसूचीत भाकरी, गुण एक.
लाल पेन माझ्याच हातात होतं.
मी शून्य दिलं.

हा गोकुळ पहिलीत आला तेव्हा
एक पाय दाराबाहेर ठेवून बसायचा.
दीड वर्ष बोलला नाही.
मग एकदा वर्गात शेळी शिरली,
फळ्यापर्यंत गेली, खडू हुंगला,
आणि हा मागून म्हणाला,
बाई, ही कितवीला?
सगळा वर्ग हसला. मी तर खुर्चीत बसून हसले,
डोळ्यांना पदर लावून.
हे कुठल्या रकान्यात घालू?

मोजूच नका, असं नाही म्हणत मी.
आमच्या गावी, सेलूकडं, एक गुरुजी होते.
टेबलावर पाय, तोंडावर पेपर,
पगार पहिल्या तारखेला.
माझी बहीण गोदा त्यांच्याकडं चौथी पास झाली.
आजही स्टँडवर उभी राहून विचारते,
दादा, ही परभणीची का?
पाटी डोळ्यांसमोर असते.
त्या गुरुजींना कुणी मोजलं नाही.
कुणीतरी यायला हवं होतं तेव्हा,
फूटपट्टी घेऊन, काठी घेऊन, काहीही घेऊन.
गोदा आठवली की हे पत्रक
मला फाडवत नाही.

पण मोंढ्यात हमालसुद्धा
आधी रिकामं पोतं काट्यावर टाकतो,
मग भरलेलं.
आमचं आधीचं वजन
कुणी केलंच नाही.
आणि पोरं रिकामी तरी कुठं आली होती?
बाटी घेऊन आली होती.
मीच दीड वर्ष
त्यांना भाकरी म्हणायला लावत होते.

पेपर वाटले तेव्हा गोकुळ टेबलाशी आला.
बाई, मही बाटी चुकली?
नाही रे, चुकली नाही.
मंग ह्यो भोपळा कामून?
मी खडूचा डबा उघडला, बंद केला.
तो थोडा वेळ उभा राहिला,
मग पेपरची घडी करून
चड्डीच्या खिशात कोंबली
आणि पाणी प्यायला गेला.

साडेपाच. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
हाके सर मोबाइल घेऊन वर चढलेत,
एका हातानं शिडी धरून ओरडतात,
बाई, नऊ नंबर सांगा, मी टाइप करतो!
मी खालून हातांचा कर्णा करते.
लिहा, भोपळा कामून!
काय?
भो-प-ळा का-मू-न!

वारा आहे. वरून बराच वेळ काही नाही.
मग आवाज येतो,
दोनच शब्द झाले, बाई.
अजून अठरा बसतात.