दुहेरी जाळी

विल्फ अ‍ॅक्रॉइड केअर होममध्ये गेला
तेव्हा घराची किल्ली त्याने भाचीला दिली,
शेडची मला.
कीथलीतल्या आमच्या समाईक भिंतीपलीकडे
आता थंड चूल, आणि मागच्या परसात
अठ्ठावीस पाखरं.

टॅक्सीची काच खाली करून म्हणाला,
'व्हायजू, नॉर्मनवर जीव लाव हवा तर.
विश्वास टाकू नकोस.'
नॉर्मन म्हणजे लव्हबर्ड. गुलाबी तोंडाचा, मुठीएवढा.

शेडमध्ये वही होती, पेन्सिलीने लिहिलेली,
कारण तिथे जानेवारीत शाई गोठते.
नवं पाखरू आणलं की चाळीस दिवस वेगळी खोली.
(सव्वा महिना, मी मनात म्हटलं, बाळंतिणीसारखा.)
फिंचच्या शेजारी बजरी नको,
बजरीने सहज चोच मारली तरी फिंचचा पाय
काडीसारखा मोडतो.
कॉकटील अंगाने थोर पण भिडस्त,
कुणीही हुसकावलं की दांडी सोडतो,
त्याच्यासाठी वर एक जास्तीची दांडी.
लावे जमिनीवर. दचकले की सरळ वर उडतात,
म्हणून छताखाली जुनी चादर ताणलेली,
टाळकं फुटू नये.
जोड्यांपेक्षा घरटी दोन जास्त.
वाट्या लांब लांब.
भांड्याला भांडं लागायचंच, आई म्हणायची.
विल्फचं उलटं: भांडी वाढवा, भांडण घटतं.
पंक्तिप्रपंच पाखरांनाही कळतो.

आणि नॉर्मनच्या पानावर एकच ओळ:
दुहेरी जाळी. मध्ये चार बोटं.

फेब्रुवारीत, बिस्किटांच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून
मी आले तेव्हा हीटर बंद पडला होता.
बर्फ दाराच्या अर्ध्यावर.
नॉर्मनची बाजू उत्तरेची, सगळ्यात गार.
तो पिसं फुलवून एका कोपऱ्यात,
गोळा झालेला, डोळे मिटून.
मला वाटलं, एका रात्रीचा पाहुणा.
मधलं दार उघडलं.
तो आत गेला, दांडीच्या टोकाला बसला, गप्प.
फिंच जराशा सरकल्या, इतकंच.
किती सोपं असतं, असं काहीसं मनात आलं
आणि मी चहा टाकायला गेले.

चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ.

भुश्शावर एक फिंच, एका पायाची दोन बोटं नाहीत.
रक्त मोहरीएवढं.
नॉर्मन दांडीवर चोच घासत होता,
एकदा या बाजूने, एकदा त्या.
चेहऱ्यावर राग नाही, शरम नाही.
पाखरांच्या चेहऱ्यात तशी सोयच नसते.
मी मात्र आरशात बघायचं टाळलं दोन दिवस.

आमच्या भाषेत अंतर मोजायलाही बोटंच लागतात,
हे विल्फला इंग्रजीत सांगता आलं नाही.
रविवारी एवढंच सांगितलं की चूक माझी.
तो म्हणाला, 'लंगडीला चपटी दांडी दे, रुंद.'
दिली. ती आता तिथेच झोपते.

मार्चमध्ये नॉर्मन वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडू लागला,
एकेक पट्टी पाठीच्या पिसांत खोचून
घरट्यात नेऊ लागला.
आणि एका मंगळवारी नॉर्मनने अंडं घातलं.

नऊ वर्षं. वहीत स्वच्छ लिहिलेलं: नर.
मला क्रियापदं बदलायला आठवडा लागला,
गेला गेली, बसला बसली,
ती बोटं कुणी तोडली ते वाक्यसुद्धा
पुन्हा मनात लिहावं लागलं.

फोनवर विल्फ आधी गप्प,
मग इतका हसला की नर्सने फोन काढून घेतला.
परत आला तेव्हा श्वास लागलेला.
'नाव बदलू नकोस,' म्हणाला, 'तिला सवय आहे.
आणि जाळी...'
आहे, मी म्हटलं, दोन्ही आहेत.